मच्छिंद्री

गंगावेशीत रात्री साडेनऊला
म्हैस पिळून थेट पेल्यात दिलेलं दूध,
फेसाच्या मिशा, आणि पुतण्यांची पैज :
कोण एका दमात संपवतो.
जिंकला अन्वय. सहा वर्षांचा, सगळ्यांत धाकटा.
मी 'पुरे' म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
जिंकायची त्याला फारशी सवय नाही.

नाशिकहून निघताना
तीन जास्तीच्या चड्ड्या, ओव्याची पुडी, थर्मामीटर,
सगळं आठवणीनं घेतलं होतं.
रबरी कापड तेवढं
गच्चीतल्या दोरीवर राहिलं.
साताऱ्याच्या पुढं आठवलं.
बोलले नाही. गाडीत जाऊबाई होत्या.

पहाटे पावणेचारला
ओल आधी माझ्या कोपराला कळली.
मग वास. मग अंधारात दोन उघडे डोळे,
कधीपासून जागे होते कोण जाणे.
हलला नव्हता,
जणू हललं नाही तर झालंच नाही.

"आई, मला पन्हाळ्याला नेणार ना?"

नेणार, म्हटलं. न्हाणीत उभा केला.
'गरम पाणी सहा ते नऊ' अशी पाटी,
म्हणून गारच ओतलं.
दात वाजले, पण हूं नाही की चूं नाही,
पलीकडच्या कॉटवर दोघे चुलतभाऊ होते.
चादर धुतली. पिळायला एक टोक त्यानं धरलं,
आणि दोघं मिळून पीळ देताना
तो माझ्याच दिशेनं फिरवत होता,
चादर नुसती गोल गोल.
मला हसू आलं. त्याला नाही.

गादीचं काय करणार?
तेव्हा त्यानं पाण्याची बाटली उचलून
माझ्यासमोर धरली. नुसती धरली.
मी शाळेत शिकवते. सातवी ब.
'नेहमी खरे बोलावे' यावरचे निबंध
गठ्ठ्यांनी तपासलेत.
झाकण मीच उघडलं.
अर्धी बाटली त्या जागी, थोडी उशीवर,
आणि थोडी, खरं वाटावं म्हणून, माझ्या गाऊनवर.

सकाळी जाऊबाई : "अय्या, पाणी सांडलं वाटतं."
"हो ना," मी म्हणाले,
जरा जास्तच जोरात.

मग खोली झाडायला हौसाक्का आल्या.
गादीवर तळवा ठेवला, वाकल्या,
माझ्याकडं बघितलं,
मग दाराआडच्या अन्वयकडं.
"मच्छिंद्री झाली म्हणायची की रं."

ती काय असते? पुतण्यांनी विचारलं.
"शिवाजी पुलाला दगडात मासा हाय.
पंचगंगा चढत चढत त्या माशाला टेकली
की मच्छिंद्री झाली.
मग आमच्या गल्लीत पाणी, घरात पाणी, अंथरुणात पाणी.
वसरलं की गादी वाळवायची
आणि त्याच्यावरच झोपायचं.
नदीवर कोण रागं भरतंय व्हय?"

"पण इथं तर बाटली सांडलीय," थोरला पुतण्या.
"व्हय की," हौसाक्का म्हणाल्या, "बाटलीच."
आणि गादी खांद्यावर टाकून जिना चढल्या.
मागोमाग उशी घेऊन अन्वय,
कुणी न सांगता.
मी पन्नासाची नोट पुढं केली तर म्हणाल्या,
"उनाला पैसं पडत न्हाईत, ताई."

पन्हाळ्याहून परतताना
त्यानं पुलाशी गाडी थांबवायला लावली.
मे महिना. नदी कुठल्या कुठं खाली,
म्हशी बसलेल्या, एक माणूस मोटारसायकल धुत होता.
बराच वेळ बघून अन्वय म्हणाला,
"आत्ता खाली आहे."
"आत्ता खाली आहे," मीही म्हणाले.
भावांना वाटलं, माशाबद्दल चाललंय.

रात्री पुन्हा गंगावेस. पुन्हा पेले, पुन्हा पैज.
त्यानं आपला निम्मा पेला
माझ्याकडं सरकवला. मी प्याले.
भाऊ जिंकले.

झोपताना मोबाइलला दोनचा गजर लावला,
आवाज बंद, नुसती थरथर,
आणि उशीखाली ठेवला. माझ्या.
थोड्या वेळानं एक छोटा हात आला,
चाचपून बघून गेला
आहे का तो तिथं.